सगळ्यांना चालेल असं ताट
(दिवेआगर ते अलिबाग, भाग २)

सोमवार, दिवेआगर
एसटी दीड तास उशिरा. बोर्ली पंचतनला पुन्हा खोळंबा. खोली १२००, जेवण १८०, रिक्षा १५०. उकाडा, डास.

मंगळवार, दिवेआगर
सकाळी सुवर्ण गणेशाचं दर्शन. १९९७ साली इथल्या एका वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ च्या दरोड्यात तो गेला आणि दोन रखवालदारांचा जीवही. २०२१ मध्ये गणपती पुन्हा विराजमान झाला. प्रसादाला ओल्या खोबऱ्याचा तुकडा मिळाला. तो खाताना मला ३ जून २०२० चं, माड पाडणारं निसर्ग वादळ आठवलं. खानावळीतल्या काकू म्हणाल्या, "माड पडला की नव्याला फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात, ताई." इथे देवापुढचं खोबरंसुद्धा इतक्या वर्षांच्या राखणीतून येतं.

बुधवार, दिघी ते आगरदांडा
उकाडा. जंगलजेट्टीला ताटकळणं. बोटीत शेजारी बोर्लीच्या एक चाची होत्या, मांडीवर डबा. उरुसाला मलिदा करतात का, असं विचारताच खुलल्या. "करतो की! चपाती कुस्करायची, गूळ-तूप घालायचं. शेजारच्या वहिनींना पहिली वाटी." मटणाची देग वेगळी, मलिदा वेगळा. ज्याला जे चालतं ते त्याच्यापुढे.

शिर्डीच्या साईबाबांची हंडीही अशीच सांगतात. कधी गोड भात, कधी मटणाचा पुलाव. पण मांस न खाणाऱ्याला आग्रह नाही. एकत्र जेवणाचं मर्म मला याच जपणुकीत दिसतं. एका पंगतीत बसवलं आणि निम्म्यांना उपाशी उठावं लागलं, तर तो सलोखा कसला?

गुरुवार, मुरूड
बस ४५, चहा-वडापाव ४०, खोली १०००. पाय दुखतात.

शुक्रवार, अलिबाग
इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग. बेने इस्रायली या इथल्या ज्यूंचे पूर्वज जवळच्या नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली.

त्यांचाही मलिदा आहे, पण पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. लग्नाआधी किंवा नवस फेडताना एलियाहू हानवी या प्रेषिताच्या नावाने तो करतात. मांसाबरोबर दूध त्यांना वर्ज्य, म्हणून रश्शातही नारळाचा रस. माड सगळ्यांच्या वाडीतला. त्यामुळे मलिद्याचं हे ताट ब्राह्मणआळीतल्या आजींना चालतं, मोहल्ल्यातल्या चाचींना चालतं, कोरलईच्या ख्रिस्ती घरातही चालतं. कुणालाही काही विचारावं लागत नाही. सिनेगॉगात सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात आणि आता ते जमवणं अवघड. मलिदा वाटून घ्यायला मात्र तशी अट नाही.

एलियाहूच्या रथाची खूण म्हणून मानलेला खडक अलिबागजवळ खंडाळ्याला आहे. उद्या तिकडे. रिक्षावाल्याने आठची वेळ दिली आहे.