दोन मोज्यांची थंडी

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "थंडी किती आहे रे तिकडे?" आपण म्हणायचं, "उणे अठरा." मग तिकडून, "अगं बाई! दोन-दोन मोजे घालत जा हो."

आईचं बाकी सगळं ऐकावं. पण स्कीइंगला जाताना तेवढं दोन मोज्यांचं ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

या राज्यातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढी थंडी काही दर शनिवारी नसते. पण उणे पंधरा-अठरा असतं, आणि तरी लोक सेंट पॉलजवळच्या अफ्टन आल्प्सला गर्दी करतात. (आल्प्स या नावावर जाऊ नका, आपल्या पर्वतीसारखी टेकडीच आहे!) संध्याकाळी सगळ्यांची तक्रार एकच. हात ठीक, नाक ठीक, पाय गेले.

पायच का? तर मंडळी, लोडशेडिंग आठवा. वीज कमी पडली की मुंबई चालू राहायची आणि लाइनच्या टोकाचं गाव आधी अंधारात जायचं. शरीराचंही तेच धोरण आहे. धड गार पडायला लागलं की हृदय, मेंदू वगैरे व्हीआयपी मंडळींसाठी ऊब राखून ठेवायची आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घ्यायच्या. पायाची बोटं म्हणजे लाइनचं शेवटचं गाव. तिथे उष्णता तयार करणारे स्नायू फारसे नाहीत, जी काही ऊब यायची ती रक्ताबरोबरच.

एकदा हे कळलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. बुटात दुसरा मोजा कोंबला की पाय आवळला जातो, रक्त आणखी कमी पोचतं. शिवाय ऊब धरून ठेवते ती मोज्यातली आणि बुटातली हवा, आणि ती आपण दाबून बाहेर काढलेली असते. म्हणजे मोजे दोन आणि थंडी दुप्पट! त्यापेक्षा लोकरीचा एकच पातळ, लांब मोजा घालावा. सुती तर अजिबात नको. पाय बुटात घामेजतातच, सूत तो घाम धरून बसतं, आणि पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मी तर घरून निघताना वेगळे मोजे घालतो आणि कोरडे मोजे तिथे पोचल्यावर, बूट चढवायच्या अगदी आधी घालतो.

बूट रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. प्लास्टिक दगडासारखं कडक होतं आणि आपण आपल्या पायाने फ्रीज गरम करत बसतो. चेअरलिफ्टवर बसलं की बकला सैल कराव्यात, बोटं हलवत राहावं. तरीही पाय गार पडलेच तर बाजूला उभं राहून एकेक पाय घड्याळाच्या लंबकासारखा जोरात पुढे-मागे झुलवावा. रक्त बोटांकडे ढकललं जातं, दोन मिनिटांत फरक कळतो. आणि टोपी, जाकीट यांत कंजुषी नको. मुंबईला वीज पुरली तरच गावाला मिळणार ना!

बुटात चिकटवायच्या गरम पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना उष्णता निघते. पण गंजायला हवा लागते, त्यामुळे घट्ट बुटात त्या बऱ्याचदा मान टाकतात. ब्रँडीचा सल्ला देणारेही भेटतात. तिने तात्पुरतं गरम वाटतं, पण अंगातली ऊब उलट लवकर बाहेर जाते.

इथवर सगळं सोयीचं झालं. आता खरी भीती.

गेल्या हिवाळ्यात आमच्याबरोबर एक मित्र पहिल्यांदाच आला होता. दोन मोजे, वर भाड्याचे बूट करकचून बांधलेले. सकाळभर "पाय दुखतायत" म्हणत होता. दुपारी एकदम खुशीत म्हणाला, "आता मस्त वाटतंय, दुखायचं थांबलं." आमच्यातली एक मैत्रीण इथे बरेच हिवाळे काढलेली. ती म्हणाली, "बूट काढ. आत्ता." तो हसला, ती नाही हसली. आत नेऊन मोजे काढले तर दोन बोटं मेणासारखी, राखाडी-फिकट. गोऱ्या कातडीवर दिसतो तसा लालसर-पांढरा रंग आपल्याकडे दिसेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

कुणीतरी म्हणालं, बर्फाने चोळ. नेपोलियनचा सर्जन लारे याने १८१२ च्या रशियाच्या मोहिमेनंतर हा उपाय रूढ केला आणि तो पुढे शतकभराहून जास्त टिकला. पण चोळल्याने गोठलेल्या पेशी आणखी फाटतात. शेकोटीही नको, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. साधं कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, आणि तेही पुन्हा गोठायची शक्यता नसेल तरच. त्याने पाय पाण्यात ठेवला आणि रक्त परतायला लागल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोटं वाचली. डॉक्टरांनीही त्या दिवशी आत आणलं तेच बरं केलं म्हणून सांगितलं. पण ऑफिसच्या एसीतसुद्धा त्या दोन बोटांना मुंग्या येतात, अजून.

म्हणून आमच्या ग्रुपचा आता एक नियम आहे. दर तासाला एकमेकांना विचारायचं, "बोटं जाणवतायत का?" दुखतायत असं उत्तर आलं तर आत जाऊन कॉफी. काहीच जाणवत नाही असं आलं तर त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला, तिकीट कितीही महाग असो. यावर वाद नाही.

गुलमर्गला जाणार असाल तरी हेच लागू. आणि आईचा फोन आला तर खुशाल सांगा, हो, दोन जोड घेतलेत. एक पायात, एक बॅगेत :)