मत्रहच्या सागवानी खिडक्या

सन १९८४ मध्ये आम्ही उभयतां मुंबईहून मस्कतला गेलो. एका बांधकाम कंत्राटदाराकडे नोकरी होती. आमच्यापैकी एकाने कामावर देखरेख करायची व दुसरीने हिशेब लिहायचा. तीन वर्षे राहून पुढे आम्ही इस्राएलला आलो. त्या मुलखातल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, परंतु एका जुन्या घराच्या खिडक्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मत्रह हे मस्कतला लागून असलेले बंदर. तिथे समुद्रासमोर व्यापाऱ्यांची जुनी माडीची घरे आहेत. त्यांपैकी एका घराच्या अकरा खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचे काम आमच्याकडे आले. सुलतान काबूस १९७० साली गादीवर आल्यानंतर देशात रस्ते, इस्पितळे व वीज झपाट्याने आली, आणि विजेमागून एअरकंडिशनर आले. घरमालकाला घट्ट बंद होणारी काच हवी होती. मस्कतचा जून महिना ज्याने काढला आहे, तो त्याला दोष देणार नाही.

जुन्या खिडक्यांना काच नव्हतीच. जाड सागवानी चौकट, उभे लोखंडी गज आणि आत उघडणाऱ्या दोन झडपा. पहिल्या दिवशी तीन खिडक्या पहारीने उखडल्या. चौकटीबरोबर भोवतालचा गिलावा व दगडही खाली आले. आमचा वयस्क कच्छी मिस्त्री पडलेल्या चौकटीपाशी बसला, पटाशीने एक ढलपी काढून त्याने हुंगली आणि म्हणाला, "भाई, हा तर आपल्याकडचा साग. इथे हे झाड उगवत नाही."

खरेच होते. सूरच्या बंदरातली गलबतेसुद्धा हिंदुस्थानातून आणलेल्या सागवानाची बांधत. म्हणजे हे लाकूडही आपल्यासारखेच परमुलखात येऊन राहिलेले! मिस्त्रीने पटाशी टोचून दाखवले की चौकटीचा खालचा वीतभर भागच कुजला आहे. खारी, दमट धूळ तिथेच साचते. वरचे लाकूड अगदी टणक होते.

संध्याकाळी मालकाची वृद्ध आई खाली आली. तिला हिंदी येत असे व आम्ही तिला अम्मा म्हणत असू. तिने एवढेच विचारले, "माझ्या खिडक्या कुठे नेल्या?" आम्ही काय सांगणार? त्या भंगारवाल्याने दुपारीच नेल्या होत्या.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. रेवदंड्याच्या आमच्या वडिलार्जित घराच्या खिडक्या १९७९ साली आम्हीच काढून विकल्या होत्या, जुनाट दिसतात म्हणून. तेव्हा आजी काही बोलली नाही. फक्त चार दिवस दुसऱ्या खोलीत निजली.

शुक्रवारी सुट्टी होती. शब्बाथ लागायच्या आत परतायचे म्हणून पहाटेच निघून आम्ही बहलाजवळचा जबरीनचा किल्ला पाहायला गेलो. सतराव्या शतकात इमाम बिलअरब बिन सुलतान यांनी तो बांधला. त्यात सूर्य-चंद्राचे म्हणून एक दालन आहे. त्याला चौदा खिडक्या, सात खाली व सात वर. खालून गार हवा आत येते आणि तापलेली हवा वर चढून वरच्या खिडक्यांतून निघून जाते. बाहेर ऊन रणरणत होते. आम्ही घाम पुसत आत शिरलो आणि थोड्याच वेळात रुमाल खिशात ठेवला. तेव्हा ध्यानात आले, मत्रहच्या घरातही मोठ्या खिडक्यांवर लहान झरोके होते, आणि आम्ही ते सिमेंटने बुजवणार होतो!

दुसऱ्या दिवशी धीर करून मालकाकडे गेलो व दोन्ही खर्चांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. आठ खिडक्यांची दुरुस्ती नव्या खिडक्यांपेक्षा महाग पडत नव्हती. शेवटी असे ठरले की जिथल्या तीन खिडक्या गेल्या, त्या निजायच्या खोल्यांना काच व एअरकंडिशनर, आणि बाकीच्या आठ राखायच्या.

मिस्त्रीने कुजका भाग तिरका कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा जोडला. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजून लाकूड फोडतो, म्हणून खुंट्या लाकडी घातल्या. भोवती सिमेंटऐवजी सारूज, म्हणजे भाजलेल्या मातीचा तिथला जुना गिलावा लावला. शेवटी अळशीचे तेल पाजले. आपण तर शनवार तेली. लाकडाला तेल पाजायला आपल्याला कोणी शिकवावे? पण आम्हांला ते ओमानात शिकावे लागले.

काम संपल्यावर अम्मा एका खिडकीत बसली आणि आम्हांला कॉफी व खजूर दिले. त्या तीन खिडक्यांविषयी ती पुन्हा कधीच बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

मत्रहमध्येच बैत अल बरांदा नावाचे जुने घर आहे. नावातला बरांदा म्हणजे आपला व्हरांडाच. ते दुरुस्त करून २००६ साली तिथे संग्रहालय उघडले. सगळ्याच घरांचे नशीब असे नसते.

वाचकहो, अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे तुमच्यापैकी ज्यांचे घर अजून उभे असेल, त्यांना आमची एकच विनंती. खिडकी उखडण्यापूर्वी चौकटीच्या पायाशी पटाशी टोचून पाहा. बहुधा वीतभरच कुजलेले असेल. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर आधी त्याला विचारा.