डोंगल नावाचा बहुरूपी

मुलांनो, बहुरूपी तुम्ही पाहिला आहे का? सुगीनंतर तो गावात येतो. पोलीस बनून दारात उभा राहतो आणि "चला, वॉरंट आहे!" म्हणून दरडावतो. ज्याला सोंग कळत नाही तो घाबरतो. ज्याला कळते तो हसतो, पसाभर धान्य घालतो आणि त्याच्याशी गप्पा मारतो. म्हणजे बहुरूप्याशी बोलायचे तर आधी त्याचे सोंग ओळखता आले पाहिजे.

आज अशाच एका बहुरूप्याची हकिकत सांगते. हा माणूस नव्हे. ही बोटाएवढी काडी. तिला डोंगल म्हणतात. काडीच्या पोटात मोबाइलचे सिम घालायचे, काडी लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत खोचायची, की तारेशिवाय इंटरनेट मिळते. हिचे खरे नाव मोडेम. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात, हवेतून मात्र लहरी जातात. शून्य-एकाच्या लहरी करायच्या आणि आलेल्या लहरींचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे मोडेमचे काम. म्हणजे दुभाषाच म्हणा ना!

त्याचे असे झाले. साल २०१५. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने 'सरल' नावाची योजना आणली. शाळेतल्या प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर भरायची होती. मी तेव्हा विक्रमगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत होते. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की घरी निघायचे. आधी एस.टी.ने पालघर, मग विरारची गाडी, मग भाईंदर. माझे घर भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीत. नाव ऐकून हसू नका! इथे ऐरावत नाही आणि अप्सराही नाहीत. इमारतींच्या रांगा, रिक्षांच्या रांगा आणि पाणी यायच्या वेळी बादल्यांची रांग. पण शाळेच्या पाड्यात मोबाइलला धड रेंज नव्हती, ती इथे होती. म्हणून अडतीस मुलांची माहिती वहीत उतरवून घेतली आणि ती वही घरी आणली. शनिवारची रात्र आणि रविवार हाताशी होता. सोमवारी पहाटेची गाडी गाठायची होती. माहिती भरायची मुदतही संपत आली होती.

त्या अडतीस नावांत एक नाव होते तिसरीतल्या एका मुलीचे. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात. आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कितीतरी घरे भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, हे तुम्हांला मी काय सांगावे! मूल आईबापांबरोबर जाते आणि त्याची शाळा सुटते. नव्या शाळेत गेले तर "आधी कुठं होतीस? दाखला कुठाय?" असे विचारतात. तिची नोंद संगणकात झाली असती, तर पुढची शाळा तिला शोधू शकली असती. नोंद झाली नाही, तर यंत्राच्या लेखी ती मुलगी कुठल्याच शाळेत नाही. माझा सगळा जीव त्या एका ओळीत अडकला होता.

रात्री जेवणे आटोपल्यावर लॅपटॉप उघडला, नवा डोंगल खोचला. दिवा लागला, पण इंटरनेट काही येईना.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होते. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी मिळून ती वाढवली. ती फुकट मिळते, वाटता येते, उघडून पाहता येते. डोंगलच्या खोक्यावर मात्र लिनक्सचे नावही नव्हते.

रविवारी सकाळी एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, हे लिनक्स काढा. तीनशे रुपयांत दुसरं टाकून देतो."

मी विचारले, "त्याचा परवाना?"

ते नुसते हसले. तीनशे रुपयांत काय मिळणार ते समजले. मुलांना 'चोरी करू नये' हे सुवाच्य अक्षरांत लिहायला लावायचे आणि आपण चोरीची प्रत वापरायची, हे मनाला पटेना. मी लॅपटॉप पिशवीत घालून परत आले.

दुपारी शेजारच्या वहिनींचा मुलगा आला. तो तेव्हा इंजिनीअरिंग शिकत होता. त्याच्या फोनवरून लॅपटॉपला नेट देता आले असते, पण त्याचा पॅक संपत आला होता. आणि पुढच्या आठवड्यांत मी काय करणार? त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काकू, चालत नाही म्हणता, पण कुठे थांबलंय?"

मुलांनो, हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. वीज, सिम, डोंगल, लॅपटॉप, कंपनीचा मनोरा, अशी ही साखळी असते. सगळ्या कड्या एकदम तुटत नाहीत. तुटते बहुधा एकच. ती शोधायची.

सिम काढून फोनमध्ये घातले. फोनवर इंटरनेट चालले. म्हणजे सिम चांगले, पैसेही भरलेले. डोंगल खालच्या मजल्यावरच्या संगणकाला लावला. तिथे विंडोज होते. तिथे तो चालला. म्हणजे डोंगलही चांगला. लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत खोचून पाहिला. दिवा लागला, पण नेट नाही. तीन संशयित सुटले. अडचण होती लॅपटॉप आणि डोंगल यांच्या बोलण्यात.

मग त्याने काळी खिडकी उघडली. तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात 'एलएसयूएसबी' असे टाइप केले. ही आज्ञा म्हणजे यूएसबी खाचांची हजेरी! कोण कोण हजर आहे ते ती सांगते. प्रत्येकाच्या नावापुढे चार चार अक्षरांचे दोन क्रमांक येतात. पहिला कोणी बनवले त्याचा, दुसरा वस्तूचा. डोंगल हजर होता. मग 'डीमेसेज' ही दुसरी आज्ञा दिली. ही संगणकाची रोजनिशी. तिच्यात लिहिले होते, 'सीडीची तबकडी सापडली.'

मी म्हटले, "अरे, यात तबकडी कुठून आली?"

तो हसून म्हणाला, "काकू, हेच त्याचं सोंग!"

ती गंमत अशी. हे डोंगल खोचल्याबरोबर मोडेम म्हणून उभे राहत नाहीत. आधी 'मी सीडी आहे' असे सांगतात. त्या खोट्या सीडीत विंडोजसाठीचा प्रोग्राम भरलेला असतो. विंडोज तो प्रोग्राम आपल्यात बसवून घेते, मग तो प्रोग्राम डोंगलला म्हणतो, 'आता सोंग उतरव.' तेव्हा कुठे डोंगल मोडेम होतो. वेगळी सीडी द्यायला नको म्हणून ही युक्ती. पण लिनक्सवर तो प्रोग्राम चालत नाही. मग सोंग उतरव असे सांगणार कोण?

त्यासाठी लिनक्समध्ये 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्राम असतो. जोसुआ डीट्झ नावाच्या प्रोग्रामरने तो लिहिला. त्याच्याजवळ डोंगलांच्या क्रमांकांची मोठी यादी असते. लोक आपापल्या डोंगलचा क्रमांक आणि तो कोणत्या संदेशाने वळतो ते कळवतात, तशी यादी वाढत जाते. माझा डोंगल नवा होता. यादीत त्याचा क्रमांकच नव्हता.

मुलाने 'इजेक्ट' ही आज्ञा दिली, म्हणजे 'सीडी बाहेर काढ.' काही डोंगल एवढ्यानेच वळतात. दिवा विझला, पुन्हा लागला. परत हजेरी घेतली. पहिला क्रमांक तोच, दुसरा मात्र बदललेला! घराणे तेच, रूप नवे. रोजनिशीत आता तबकडी नव्हती. 'टीटीवाययूएसबी' शून्य, एक, दोन अशी तीन दारे उघडली होती. मोडेमशी बोलायची ती दारे. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

तरीही नेट आले नाही! पण आता रडायचे कारण नव्हते. एक कडी सापडली होती, आता पुढची पाहायची.

मोडेमशी सरळ बोलता येते. ही भाषा अमेरिकेतल्या हेस कंपनीने १९८१ साली आपल्या मोडेमसाठी काढली. प्रत्येक आज्ञेच्या आधी 'एटी' म्हणायचे. एटी म्हणजे अटेन्शन, आपल्या कवायतीतले 'सावधान!' लिनक्समध्ये मोडेमचा कारभार पाहणारा एक प्रोग्राम असतो. त्याला जरा वेळ बाजूला बसवले, नाहीतर दोघे एकदम बोलू लागतात. मग मुलाने 'एटी' टाइप केले. उत्तर आले, 'ओके.' सिमला कुलूप आहे का, असे विचारले. उत्तर आले, 'रेडी', म्हणजे कुलूप नाही. रेंज किती, असे विचारले. हिला शून्यापासून एकतीसपर्यंत गुण असतात. उत्तर आले, पाच. एकतिसांपैकी पाच म्हणजे नापासच की! लॅपटॉप उचलून गॅलरीत नेला. पुन्हा विचारले. सतरा! भिंतींच्या आत लहरी अशक्त होतात, हे पुस्तकात वाचले होते. ते मी त्या दिवशी आकड्यांत पाहिले.

शेवटची कडी एपीएनची. आपले सिम कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जाणार, त्या दाराचे नाव म्हणजे एपीएन. लॅपटॉपने आपोआप भरलेले नाव दुसऱ्या प्रकारच्या सिमसाठी होते. योग्य नाव सिमबरोबरच्या कागदावर छापलेले होते. ते भरले, 'जोडा' म्हटले, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडद्यावर पहिले पान उघडले.

त्या मुलाने जाण्याआधी दोन कामे केली. डोंगल खोचला की त्याने आपोआप रूप बदलावे म्हणून त्याचा क्रमांक माझ्या लॅपटॉपच्या यादीत लिहून ठेवला. आणि तोच क्रमांक त्या प्रोग्रामवाल्यांना कळवला. मी विचारले, "आपलं काम झालं ना, मग हे कशाला?" तो म्हणाला, "पुढचा अडू नये म्हणून." एवढे बोलून तो चहा प्यायला बसला.

रात्री मी गॅलरीत पाट मांडून बसले. सरलवर सगळीकडचे शिक्षक एकदम माहिती भरत होते, त्यामुळे पाने संथ उघडत. एकेक नाव, जन्मतारीख, आईचे नाव. त्या मुलीची ओळ भरली तेव्हा साडेबारा वाजले होते. अडतिसावे नाव संपले तेव्हा दोन. पहाटेच्या गाडीत बसायला जागा मिळाली आणि विरारपर्यंत डुलकी काढली.

दिवाळीनंतर ते घर भट्टीवर गेले. डिसेंबरात भिवंडीकडच्या एका शाळेतून फोन आला. "बाई, अशी अशी मुलगी आलीय. नोंद आहे का?" मी म्हटले, "आहे! लिहून घ्या." पोरीचे ते वर्ष वाया गेले नाही.

आता तो डोंगल माझ्या कपाटात आहे. तो ३जी लहरींवर चालणारा. त्यानंतरच्या वर्षांत खासगी कंपन्यांनी ३जी बंद करत आणले आणि ४जी, ५जीचे मनोरे लावले. डोंगल बिघडलेला नाही. 'एटी' म्हटले तर आजही 'ओके' म्हणेल, पण त्याला हवा तो मनोरा आता उत्तर देत नाही. काही वेळा साखळीची तुटलेली कडी आपल्या हातातली नसते. तेही शोधल्यावरच कळते, आणि मग उगीच कोणाला दोष द्यावा लागत नाही.

मुलांनो, तुम्ही मला नेहमी सांगता, "बाई, गणित येत नाही." पूर्वी ऐकून मी सगळे गणित पहिल्यापासून शिकवीत असे. आता विचारते, "कुठे थांबलं?" मग कळते की भागाकार येतो, पण हातचा घेताना अडते. कोणाला वाचता येते, पण जोडाक्षराशी जीभ अडखळते. सायकल, पंप, रेडिओ, सगळ्यांना हाच प्रश्न विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. काय केले आणि काय झाले ते वहीत लिहा. आणि उत्तर सापडले की स्वतःपाशी ठेवू नका.

या भित्तिपत्रकाच्या खाली खोक्याची पेटी टांगली आहे. 'काय बंद पडले, कुठे थांबले होते, कसे सुरू झाले' एवढ्या तीन ओळी लिहून तिच्यात टाका. चांगल्या चिठ्ठ्या पुढच्या अंकात लावू, म्हणजे पुढचा अडणार नाही.