कडी लावलेला रुपया

जुनी नाणी जमवायची म्हणजे सवड आणि पैसा दोन्ही हवा, असा समज आहे. माझा छंद मात्र घरच्या डब्यातूनच सुरू झाला. सासूबाईंच्या पश्चात त्यांचा पितळी डबा आवरला, तर हळकुंडं-सुपाऱ्यांत भोकाचा पैसा आणि नऊ कलदार रुपये निघाले!

भोकाचा पैसा 1943 ते 1947 मधला. लढाईच्या दिवसांत धातू वाचवायला मधे भोक पाडलं. शाळेत तो दाखवला की इतिहासाचा तास कसा रंगतो! राणीछाप रुपयावर 1876 पर्यंत 'क्वीन' आणि 1877 पासून 'एम्प्रेस' असतं. वजन तोळाभर, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचाच निघाला.

नवांपैकी पाच रुपयांना कड्या होत्या. हे पाच सासूबाईंच्या आईच्या माळेतले. आपल्या सातपुड्यात रुपयांना कड्या झाळून माळ करतात. होळीआधी धडगावच्या भोंगऱ्या बाजारात अशा माळा आजही दिसतात. अडीनडीला त्यातला एक रुपया सुटा करून मोडायचा. बाईमाणसाची ती हक्काची पेढीच म्हणा ना!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीची मोटर जळाली. हातात पैसा नाही. हे म्हणाले, "रुपये विकूया का?" नाण्यांच्या व्यापाऱ्याने चार कोरे रुपये चटकन घेतले आणि कडीवाले पाच परत सरकवले. "ताई, हे झाळलेले. संग्रहाला चालत नाहीत. सोनाराकडे वजनावर द्या, आटवेल तो."

चौघांनी वाइंडिंगच्या खर्चाला हातभार लावला. पाच मी घरी आणले. व्यापाऱ्याला जी खोट दिसली, तीच तर आजीच्या गळ्याची खूण. ती मुशीत घालायला माझं मन धजेना.

मैत्रिणींनो, तुमच्याही डब्यात असं काही असेल. त्याला चिंच-राख लावून घासू नका. अक्षरं झिजतात, मोलही उतरतं. कडी कापू नका. नाणं कडेने धरा, कोरड्या कागदी पाकिटात एकेक ठेवा आणि वर ते कोणाचं होतं ते लिहा. साल नाण्यावर असतं, माळ कोणाची ते नसतं. माझ्या पाचही पाकिटांवर आता आजीचं नाव आहे.