रविवारी चाकण ‘थर्मल’ मोडवर

चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तळेगाव चौकातला ट्रॅफिक, कंपन्यांच्या बसेस, कांद्याचे ट्रक आणि नाइट शिफ्टहून परतणारे पेंगुळलेले चेहरे. वीकएण्डला कुणी मुद्दाम चाकणला निघालं, तर आपण आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघू. पण मंडळी, गेले काही रविवार मी तिथेच घालवलेत. तेही मान वर करून!

कारण माझा एक मित्र आणि त्याचं दीड मीटर पंखांचं ग्लायडर. हा पठ्ठ्या आठवडाभर एका व्हेंडर कंपनीत वेल्डिंगचे रोबोट प्रोग्राम करतो आणि रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या एका मोकळ्या प्लॉटवर (मालकाला विचारून, हं) हजर होतो. जेमतेम पाव किलोचं ते विमान पंखाच्या टोकाला धरायचं, थाळीफेकीसारखी गिरकी घ्यायची आणि द्यायचं भिरकावून. सुंईकन चाळीस-पन्नास मीटर वर!

पहिल्याच रविवारी शेजारच्या गेटवरचे वॉचमन काका चौकशीला आले.

“साहेब, ड्रोन आहे का?”

“नाही काका, ग्लायडर. मोटरच नाही यात.”

“मोटर नाही? मग वर राहतं कसं?”

एकदम करेक्ट प्रश्न. आणि त्याचं उत्तर चाकणच्या जमिनीत आहे. हा सगळा सपाट मुलूख. इथला किल्लासुद्धा भुईकोट. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे जवळपास दोन महिने लढवला, तोच हा संग्रामदुर्ग. डोंगराला आपटून वर चढणारा वारा इथे मिळत नाही. इथे मिळतात थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून सुटून वर जाणारी गरम हवा. पत्र्याच्या शेड आणि डांबरी पार्किंग आजूबाजूच्या हिरव्या शेतापेक्षा लवकर तापतात. बजाजचा कारखाना इथे १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, आणि त्यांच्या आगेमागे व्हेंडरांची रांगच लागली. थोडक्यात, ज्या शेडमध्ये आपण एसी नाही म्हणून कुरकुरतो, तिच्या डोक्यावर ग्लायडरसाठी फुकटची लिफ्ट चालू असते. घारींना हे कधीचंच ठाऊक आहे. पंख न हलवता घिरट्या घालणारी घार दिसली, की मित्र तिकडे वळतो.

आता खरी गंमत. घार पंखांचा आकार हवा तसा बदलते; विमानाला ते शिकवावं लागतं. ते शिक्षण होतं ट्रान्समीटरमध्ये, फ्लाइट मोड्सच्या रूपानं. मित्राच्या ट्रान्समीटरवर एजटीएक्स नावाची प्रणाली आहे. तीत शून्य ते आठ असे नऊ मोड बसतात. त्याने चार वापरलेत. शून्य म्हणजे क्रूझ. कुठलाच स्विच लावलेला नसला की विमान आपोआप यात येतं, म्हणून सगळ्यात भरवशाची सेटिंग इथे. एक म्हणजे लाँच, फेकतानाचा. दोन म्हणजे थर्मल: पंखाची मागची कड तीन-चार मिलिमीटर खाली, म्हणजे विमान हळू आणि निवांत घिरट्या घेतं. तीन म्हणजे स्पीड: तीच कड मिलिमीटरभर वर, आणि विमान तीरासारखं. दोन स्विच एकाच वेळी लागले, तर शून्य सोडून लहान नंबरचा मोड जिंकतो. ऑफिसातल्या हायरार्कीपेक्षा हे किती सोपं!

लॅण्डिंगला वेगळा मोड नाही, ते डाव्या स्टिकवर. स्टिक ओढली की दोन्ही पंखांच्या कडा चांगल्याच खाली झुकतात आणि ब्रेक लागतो. पण त्याने नाक वर उसळतं, म्हणून मिक्समध्ये एलिव्हेटर आपोआप थोडा खाली जातो. किती, ते शोधायला त्याला तीन रविवार लागले. शिवाय प्रत्येक मोडला वेगळं ट्रिम, कारण कड हलली की नाकाचा कलही बदलतो. मोड बदलताना पंखाला झटका बसू नये म्हणून अर्ध्या सेकंदाचा फेड. आणि माझा फेव्हरिट भाग म्हणजे आवाज. स्विच फिरवला की मोडचं नाव ऐकू येतं. ते त्याने आईच्या आवाजात रेकॉर्ड केलंय. ‘स्पीड’ म्हणतानाचा त्या माउलीचा सूर ऐकण्यासारखा आहे!

मागच्या खेपेला साडेदहाच्या सुमारास एक जबरदस्त थर्मल सापडला. उंची वाढेल तसा ट्रान्समीटरचा बीप चढत होता, विमान पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं होतं. पण थर्मल एका जागी थांबत नाही, वाऱ्याबरोबर सरकतो. हा सरकत होता थेट हाय टेन्शनच्या तारांकडे. मी म्हटलं, “बस झालं, आण परत.” तो म्हणाला, “थांब, अजून एक चक्कर.” रोबोटचा हात दिवसाला हजार वेळा त्याच बिंदूवर येतो, कारण बिंदू हलत नाही. इथे चारही मोड घरी बसून निवांत ठरवलेले, पण कुठल्या सेकंदाला कुठला, हे ट्रान्समीटरला सांगता येत नाही. अखेर त्याने स्विच फिरवला. आईसाहेब म्हणाल्या, “स्पीड.” समोरून वारा, थर्मलच्या बाहेर खाली जाणारी हवा; निम्मी उंची बघता बघता गेली. विमान प्लॉटवर पोचलं तेव्हा जेमतेम दोन माणसं उंच होतं. त्याने ते हातात झेललं. वॉचमन काकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हालाही खुमखुमी आली असेल, तर आधी ‘ड्रोन नियम, २०२१’ बघा. हौसेचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, आणि जागा लाल-पिवळ्या झोनमध्ये येते का, ते सरकारी नकाशावर तपासायचं. चाकण परिसरात खरा विमानतळ होणार, अशी चर्चा कित्येक वर्षं होती. २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं आणि इथलं आभाळ घारींकडेच राहिलं.

जमिनीचं मात्र तसं नाही. त्या प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर आता चुन्याच्या खुणा पडल्यात. तिथे शेड उठणार. “मस्त थर्मल देईल,” मित्र म्हणाला. पण त्यात तो उडवणार कुठून? म्हणून सध्या भामा नदीच्या बाजूला एका शेतकरी मामांशी बोलणी सुरू आहेत. मामा पडीक तुकडा द्यायला तयार आहेत. अट एकच: विमान शेजारच्या कांद्यात पडलं, तर बूट काढून आत शिरायचं.