तारेची जाडी आणि शेवटची रांग

आमच्या घरातील पखवाज काकांचा. दुसरबीडच्या हरिनाम सप्ताहात ते कीर्तनाला साथ करू लागले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. आज त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मागील खेपेस सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी आत्याने मला सहज विचारले, “दादाचा डावा हात काल कुठं गेल्ता रे?”

प्रश्न विनोदाने केलेला असला तरी तो मला लागला. पखवाजाचे उजवे तोंड बोल स्पष्ट करते. कणीक लावलेले डावे तोंड घुमते, आणि कीर्तनाचा सारा तोल त्या घुमण्यावर असतो. आत्या बसते ती मंडपाच्या अगदी टोकाला, बायकांच्या शेवटच्या रांगेत. तिच्यापर्यंत टाळ पोहोचत होते, बुवा पोहोचत होते. काका मात्र अर्धेच पोहोचत होते. हात थकला, असेच सर्वांनी गृहीत धरले. काकांनीही.

वस्तुतः त्याच वर्षी पुतण्याने आपला बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि चार ओहमचे कॅबिनेट खास पखवाजासाठी आणले होते. अ‍ॅम्प्लिफायर देवळाच्या ओसरीवर आणि कॅबिनेट तीस मीटरवर, मंडपाच्या टोकाला. मधली वायर मी दिली होती. दिव्यांच्या माळेतून उरलेली ती पाऊण एमएमची वायर होती. वायर ती वायर, असा माझा समज. भोंगे वर्षानुवर्षे तसल्याच वायरवर वाजत असल्याने कोणाला शंकाही आली नाही.

पुतण्याने वहीच्या पानावर हिशेब मांडला. भोंग्यांना शंभर व्होल्टच्या लाइनवरून जास्त दाबाने आणि कमी प्रवाहाने शक्ती जाते, म्हणून त्यांना बारीक तार चालते. कॅबिनेटचे उलट असते. त्याचा रोध अवघा चार ओहम, त्यामुळे प्रवाह मोठा. दुकानातला ‘एमएम’ म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ. पाऊण एमएमच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे 0.026 ओहम रोध असतो. जाण्यायेण्याचे मिळून साठ मीटर धरले तर तो दीड ओहमच्या थोडा वरच जातो. म्हणजे कॅबिनेटला मिळायला हवी त्या शक्तीच्या जेमतेम निम्मी मिळते. निम्म्या शक्तीने आवाज काही निम्मा होत नाही. परंतु खर्जाच्या बाबतीत आपला कान आधीच मंद, त्यामुळे तेथील घट अधिक जाणवते. शिवाय थाप संपल्यावर स्पीकरच्या पडद्याला आवरण्याची अ‍ॅम्प्लिफायरची पकडही मधल्या रोधाने सैल होते आणि थाप विसविशीत होते.

अडीच एमएमची तार घेतली तर रोध अर्ध्या ओहमच्या आत येतो आणि सुमारे ऐंशी टक्के शक्ती पोहोचते. ती आणायला मी निघालोही होतो. पुतण्याने थांबवले. म्हणाला, “तार जाड करण्याआधी अंतर कमी करू.” त्याने अ‍ॅम्प्लिफायरच उचलून कॅबिनेटशेजारी ठेवला आणि माईकची लांब केबल ओसरीपासून तेथवर नेली, माईकचा क्षीण संकेत वाहून नेण्यासाठीच ती बनवलेली असते. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅबिनेट यांच्यामध्ये मग अडीच एमएमची दोन मीटर तार पुरली. तेवढ्या अंतराला त्याहून जाड तार घेऊन कानाला काहीही अधिक मिळाले नसते.

चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणाराजा आमच्याच जिल्ह्यात आहे. ज्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागले त्यांचे अभंग आपण मंडपाच्या मध्यभागी गातो. शेवटच्या रांगेत काय पोहोचते, हे मात्र तेथे जाऊन क्वचितच पाहतो. मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच केले. मागच्या बाकावर कविता पोहोचली नाही की विद्यार्थ्यांचा कान कच्चा ठरवला, अथवा विवेचन अधिक जाड केले. कविता त्यांच्या शेजारी नेऊन ठेवावी, मग दोन मीटर विवेचन पुरते, हे मला पुतण्याच्या हिशेबाने शिकवले.

तिसऱ्या दिवशी मी आत्याजवळ जाऊन बसलो. पहिली थाप पडली तेव्हा ती काही बोलली नाही. मांडीवरचा हात तेवढा ताल धरू लागला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आम्ही रात्री दहाला यंत्रे बंद केली. काका उठेनात. तिचा प्रश्न त्यांच्या कानावर गेला होता, हे मला तेव्हा कळले. बिनामाईकचा पखवाज त्यांनी घटकाभर तसाच वाजवला, आणि आत्या उठून पुढे, त्यांच्यासमोर जाऊन बसली.