चांद्याचा कोळसा

आमचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये कोळशाच्या कामावर होते. नागपूरची दीक्षाभूमी त्यांनी आईला दोनतीनदा दाखवली. पण "पुढल्या साली चांद्याला जाऊ" हे त्यांचे बोलणे शेवटपर्यंत बोलणेच राहिले. ते गेल्यावर आईने तो विषय काढला नाही. मागच्या ऑक्टोबरात मीच तिला म्हटले, चल. आई आता ऐंशीच्या घरात आहे. एक लुगडे, चटणी-भाकरी आणि गुडघ्याचे तेल पिशवीत टाकून ती तयार!

वर्ध्याला गाडी बदलून आम्ही बल्लारशाच्या मार्गाला लागलो. हिंगणघाट गेले, वरोरा आले. वरोरा म्हटले की आपल्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. पण या गावापर्यंत रेल्वे आली ती कोळशासाठी. इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात इथे स्वतःची खाण चालवली आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. मग बल्लारपूरची खाण पुढे आली. खाणी सरल्या की मजुराने बिऱ्हाड उचलून पुढच्या खाणीवर जायचे, हीच तिथली रीत. १९७३ मध्ये कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, तेव्हा कुठे कायम नोकरी आणि क्वार्टर ही भाषा सुरू झाली.

चांदा म्हणजेच आजचे चंद्रपूर. १९६४ पासून हे नाव आहे. गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे त्याचे दरवाजे आहेत. आम्ही जटपुरा दरवाजातून रिक्षाने गेलो तेव्हा आई म्हणाली, केवढा हा दगड! पण खरे बघण्यासारखे गावाबाहेर आहे. उघड्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर इतके उंच, की खरा डोंगर कोणता ते ओळखू येत नाही. रस्त्याला काळी धूळ, झाडाची पानेसुद्धा काळी.

माझा आतेभाऊ तिकडेच राहतो. जन्मभर त्याने जमिनीखाली काम केले. आता चार पायऱ्या चढला की बसतो. त्याचा मुलगा ठेकेदाराकडे डंपरवर आहे. बापाला होती ती कायमची नोकरी मुलाला नाही. मी त्या पोराला विचारले, बाबासाहेब खाणीत उतरले होते हे तुला ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नव्हते. मग जेवताना मी सांगितले. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या बाजूला गेले आणि चारशे फूट खाली उतरून मजूर कसे काम करतात ते त्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी कोळसा खाण मजुरांसाठी कल्याण निधी झाला. बायांना खाणीत उतरवायला बंदी होती, ती युद्धाच्या काळात सरकारने उठवली होती. १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. आतेभाऊ घास हातात धरून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी भद्रावतीची विजासन लेणी पाहिली. आपण खानदेशची माणसे, अजिंठा आपल्या उंबऱ्यावर, म्हणून इथे काय बघायचे असे मला वाटत होते. रंग नाही, गर्दी नाही. डोंगरात सरळ आत गेलेला बोगदा आणि दोन बाजूंना दोन फाटे. प्रत्येकाच्या टोकाला अंधारात बसलेले बुद्ध. आतेभाऊ दाराशीच थांबला, आत आला नाही. जन्मभर बोगद्यात काढले, आता पुरे, म्हणाला. आईने मात्र भिंत धरत तिन्ही ठिकाणी जाऊन वंदन केले.

परत येताना रस्त्याच्या कडेला दोन बाया पोत्यात कोळसा वेचत होत्या. आईने रिक्षा थांबवायला लावली.

"पोरी, तुना बापना सदरा आसाच काया व्हये," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कोयसा मीबी येचेल शे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. भुसावळला रुळाच्या कडेने ती अर्धवट जळालेला कोळसा वेचायची. आम्ही शाळेतून यायच्या आत हातपाय धुऊन बसायची. आमच्या चुलीवर शिजलेले अन्न त्या कोळशाचे होते, आणि मला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. वडिलांना माहीत होते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

१६ ऑक्टोबरला सकाळी आम्ही चांद्याच्या दीक्षाभूमीवर होतो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १९५६ च्या याच तारखेला, बाबासाहेबांनी इथल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. पांढऱ्या कपड्यांची नुसती गर्दी होती. पुस्तकांच्या दुकानावरून त्या पोरासाठी मी मजूर कायद्यावरचे एक पुस्तक घेतले. आईने त्रिशरण-पंचशील म्हटले, मग पदराची गाठ सोडली. आत सुपारीएवढा कोळशाचा खडा होता. केव्हा उचलला कोण जाणे.

तो आता घरी वडिलांच्या फोटोखाली ठेवला आहे. सून पुसायला गेली की आई म्हणते, राहू दे.